मेजर टेलर आणि सायकलचे हँडल

सायकलचे हँडल आणि चौकट यांना जोडणारा छोटा तुकडा म्हणजे स्टेम. त्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पण पुढे सरकवता येणाऱ्या स्टेमचा एक जुना प्रकार आजही 'मेजर टेलर' या नावाने ओळखला जातो. हा टेलर कृष्णवर्णीय अमेरिकन होता, आणि त्याच्या देशातल्या सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे दार त्याच्यासाठी बंद होते.

मार्शल वॉल्टर टेलरचा जन्म १८७८ मध्ये इंडियानापोलिस इथे झाला. एका सायकल दुकानासमोर तो सैनिकी गणवेश घालून कसरती करायचा, त्यावरून त्याला 'मेजर' हे नाव पडले. १८९४ मध्ये 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या संघटनेने सदस्यत्व फक्त गोऱ्यांपुरते ठेवण्याचा ठराव केला. कृष्णवर्णीयांना शर्यतीत उतरता येई, पण सभासद होता येत नसे. १८९७ मध्ये टॉन्टन इथे शर्यत संपताच एका गोऱ्या स्पर्धकाने टेलरला खाली ओढले आणि शुद्ध हरपेपर्यंत त्याचा गळा आवळला. शिक्षा काय, तर पन्नास डॉलर दंड. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, माँट्रियल इथे टेलर एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला.

शर्यतीत स्वाराचा सर्वांत मोठा शत्रू वारा. अंग जितके आडवे, तितका वाऱ्याचा अडथळा कमी. त्यासाठी हँडल खाली आणि पुढे हवे. टेलरच्या नावाच्या स्टेममध्ये पुढे गेलेल्या आडव्या दांडीवर हँडलचा शिकंजा मागेपुढे सरकवून हव्या त्या जागी आवळता येतो. प्रत्येकाच्या हातांची आणि धडाची लांबी वेगळी असते, हे मान्य करणारी ही रचना आहे.

पण जे सरकते ते निसटूही शकते. हँडल सुटले तर हात वळतात, चाक वळत नाही. म्हणून स्टेमचा पुढचा इतिहास हा पकड घट्ट करण्याचाच इतिहास आहे. जुन्या पद्धतीत स्टेमची दांडी चिमट्याच्या नळीत उतरते आणि वरचा लांब बोल्ट आवळला की आतली पाचर सरकून नळीला घट्ट धरते. हँडल उंच करण्याच्या नादात दांडी फार वर ओढली, तर आत धरायला फारसे काही उरत नाही. म्हणून अशा बहुतेक दांड्यांवर मर्यादेची खूण कोरलेली असते. ही खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे.

१९९० च्या दशकात आटे नसलेली पद्धत रुळली. त्यात स्टेम चिमट्याच्या नळीला बाहेरून धरतो. इथे क्रम महत्त्वाचा: आधी वरच्या टोपीचा स्क्रू आवळून ढिलाई काढायची, मग हँडल चाकाच्या रेषेत आणून बाजूचे स्क्रू आवळायचे. ते किती आवळायचे हा आकडा बहुधा स्टेमवरच छापलेला असतो, साधारण ५ न्यूटन-मीटरच्या आसपास. हँडलची जाडीही जुळायला हवी. २५.४ आणि २६ मिलिमीटर यांत फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. तरी चुकीच्या जोडीत हँडल फिरते किंवा स्टेमला तडा जातो. काम झाले की पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावे. जरासे जरी हलले, तरी रस्त्यावर जाऊ नये.

टेलर श्रद्धाळू बाप्टिस्ट होता. रविवार प्रार्थनेचा, म्हणून त्या दिवशीच्या शर्यती आणि त्यांचा पैसा त्याने वर्षानुवर्षे नाकारला. रोजी आणि इबादत यांत निवड करावी लागलेल्या माणसाला याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पुढे पैसा गेला. १९२८ मध्ये त्याने स्वतःच आत्मचरित्र छापले आणि दारोदार विकले. १९३२ मध्ये शिकागोत तो वारला, तेव्हा त्याला बेवारसांच्या जागेत पुरले गेले. १९४८ मध्ये जुन्या सायकलपटूंनी त्याला सन्मानाने दुसऱ्या कबरीत ठेवले.

संघटनेने ती बंदी अधिकृतपणे नाकारली १९९९ मध्ये, ठरावानंतर तब्बल १०५ वर्षांनी. बंदी घालणारे पदाधिकारी आज कुणाला आठवत नाहीत. टेलरचे नाव मात्र त्या लहानशा लोखंडी तुकड्याला चिकटून राहिले आहे.