विरघळणाऱ्या टाक्यांचे रसायन

दह्या-ताकाला आंबटपणा देणारे लॅक्टिक ॲसिड स्वीडनच्या शीले याने १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून वेगळे केले. त्यापासून लांब साखळ्यांचे पॉलिमर बनवण्याची खटपट १८४५ पासूनची. फ्रान्सच्या पेलूझने ॲसिड तापवून पाणी काढले तेव्हा रेणू जोडले गेले, पण साखळी काही लांबेना. प्रत्येक जोडामागे पाण्याचा एक रेणू सुटतो. मिश्रण घट्ट झाले की तो आतच अडकतो आणि झालेले जोड तोडतो. पुढचा बराचसा झगडा या पाण्याशीच झाला.

अमेरिकेत कॅरोदर्सने १९३२ मध्ये त्यावर तोड काढली. ॲसिडचे दोन रेणू आधी कडीत बांधून लॅक्टाइड करायचे आणि मग कडी उघडत साखळी वाढवायची. पाणी कडी होतानाच निघून गेलेले असते. तरी ओलाव्याने तुटणाऱ्या मालाला गिऱ्हाईक मिळेना. कॅरोदर्सचे नाव झाले ते नायलॉनमुळे.

लॅक्टिक ॲसिड मोठ्या प्रमाणावर मिळते ते जिवाणूंकडून साखर आंबवून.   

ओलाव्याने तुटण्याचा दोष गुण ठरला १९६६ मध्ये. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतील आर. के. कुलकर्णी व सहकाऱ्यांनी हे पॉलिमर प्राण्यांच्या शरीरात बसवून पाहिले. ते ऊतींना बाधले नाही आणि हळूहळू विरले. १९७४ मध्ये बाजारात आलेल्या व्हिक्रिल या टाक्यांच्या धाग्यात नऊ भाग ग्लायकोलाइड ही लॅक्टाइडसारखीच दुसरी कडी आणि एक भाग लॅक्टाइड असते. रुग्ण अशा धाग्यांना ‘विरघळणारे टाके’ म्हणतात.

या धाग्यात दोन्ही घटक कसेही विखुरलेले असतात. ब्लॉक पॉलिमर या दुसऱ्या प्रकारात मात्र एका जातीचा सलग पट्टा संपला की दुसरा सुरू होतो. ते बनवण्याची नेहमीची रीत अशी: पॉलिएथिलीन ग्लायकॉल निर्वातात कोरडे करायचे, त्यात लॅक्टाइड आणि उत्प्रेरक म्हणून चिमूटभरही नव्हे इतके स्टॅनस ऑक्टोएट घालून नायट्रोजनखाली १२०-१३० अंशांवर काही तास तापवायचे. ग्लायकॉलच्या टोकाचा हायड्रॉक्सिल गट पहिली कडी उघडतो आणि पुढच्या कड्या तिला जोडल्या जातात. एकच टोक मोकळे असेल तर दोन पट्टे, दोन्ही असतील तर तीन. पट्ट्याची लांबी लॅक्टाइड किती घातले यावर ठरते. भांड्यात ओल राहिली तर पाणीच कडी उघडू लागते आणि ग्लायकॉलविना सुट्या साखळ्या माजतात. नवशिक्याचा माल बहुधा इथेच बिघडतो. शेवटी घट्ट लगदा डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून थंड ईथरमध्ये ओतला की पांढरा साका बसतो. त्याचे पाण्यात सूक्ष्म गोळे होतात आणि त्यांच्या पोटात पाण्यात न विरघळणारी औषधे मावतात.

ग्लायकॉलऐवजी आधी लॅक्टाइडचे एक रूप आणि मग त्याचे आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे रूप घातले तरी पट्टे होतात. क्योटोच्या इकादा यांच्या गटाने १९८७ मध्ये दाखवले की अशा दोन जातींच्या साखळ्या एकमेकींत घट्ट बसतात आणि सुमारे २३० अंशांना वितळतात. साधे पॉलिमर १८० च्या आसपासच वितळते.

आता महाराष्ट्रातही, पुणे जिल्ह्यात, साखरेपासून ॲसिड, लॅक्टाइड आणि पॉलिमर या तिन्ही पायऱ्या एकत्र आणणारा प्राज इंडस्ट्रीजचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये जेजुरीत सुरू झाला.