मधल्या सुट्टीची मोजदाद

पोरांची भांडणं पोरांनीच मिटवावीत, मोठ्यांनी त्यात पडू नये, हा समज काही आपल्याकडचाच नाही. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांतही तो चांगला मुरलेला होता. वर्गात मास्तरांचं राज्य. घंटा झाली की पटांगणावर मात्र थोरल्या, दांडग्या पोरांचं.

या समजाला पहिला धक्का दिला पीटर-पॉल हाइनेमान या स्वीडनमधल्या डॉक्टरने. एका मुलामागे अख्खा घोळका कसा लागतो, यावर त्याने १९६९ साली लेख लिहिला आणि १९७२ साली पुस्तक. पक्ष्यांचा थवा एखाद्या प्राण्यावर तुटून पडतो, या कोनराड लोरेन्झच्या निरीक्षणाचा त्याला आधार होता. कल्पना लगेच पटण्यासारखी होती, पण डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाला ती पटली नाही. त्याने स्टॉकहोम भागातल्या मुलांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी दोन-तीनच मुलं पुन्हा पुन्हा त्याच एकाला गाठत असल्याचं दिसलं. दोष घोळक्यावर ढकलला की कोणालाच धरता येत नाही, म्हणून हा फरक मोलाचा. लठ्ठपणा, चष्मा, तांबडे केस यांमुळे मुलं चिडवली जातात, हेही त्याने तपासून पाहिलं. अशी काही ना काही खूण छळ न होणाऱ्या मुलांतही भरपूर सापडली.

हे सगळं १९७३ साली पुस्तकात आलं. सरकारं मात्र हलली नाहीत.

१९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हेच कारण असावं, अशा बातम्या आल्या आणि देश हादरला. पुढच्याच वर्षी शिक्षण खात्याने देशभर मोहीम काढली. शिक्षकांसाठी ३२ पानांची पुस्तिका, घरोघरी पालकांसाठी चार पानी पत्रक, २५ मिनिटांची व्हिडिओ कॅसेट, आणि मुलांसाठी एक प्रश्नावली.

खरी करामत या प्रश्नावलीत होती. तिच्यावर नाव लिहायचं नव्हतं. मारणं, धमकावणं, खोलीत कोंडणं आणि कोणीच न बोलणं, हे सगळं छळातच धरलं होतं. दोन तुल्यबळ पोरांची मारामारी मात्र नाही. मग विचारलं होतं, हे तुझ्या बाबतीत किती वेळा झालं? इतका साधा प्रश्न देशभरातल्या मुलांना थेट विचारायला १९८३ साल उजाडावं लागलं!

सुमारे १,३०,००० मुलांनी उत्तरं दिली. त्यावरून नॉर्वेत दर सात मुलांमागे एक तरी या प्रकारात अडकलेलं होतं: कोणी सोसणारं, कोणी छळणारं. सर्वांत जास्त सोसत होती ती सर्वांत धाकटी, आणि खालच्या वर्गांत छळ सोसणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांना छळणारे वरच्या वर्गांतले होते. आईबाप रस्त्याची काळजी करत; छळ रस्त्यापेक्षा शाळेतच कितीतरी जास्त होत होता. शहरातली मोठी शाळा वाईट आणि खेड्यातली लहान चांगली, हेही आकड्यांत टिकलं नाही.

नॉर्वेतल्या बर्गेन शहरातल्या शाळांत एक गोष्ट लख्ख दिसली. सुट्टीत पटांगणावर जितके जास्त शिक्षक, तितका छळ कमी. तिथल्या ४२ शाळांतल्या सुमारे २,५०० मुलांवर ओल्वेउसने अडीच वर्षं लक्ष ठेवलं. वर्गात नियम ठरले, छळणाऱ्याशी आणि दोन्हीकडच्या पालकांशी बोलणं झालं, सुट्टीवर देखरेख वाढली; आणि छळाच्या तक्रारी जवळजवळ निम्म्यावर आल्या.

हा आकडा पुढे जगभर मिरवला. त्याच मोहिमेतल्या रोगालांड जिल्ह्याचा अनुभव मात्र कमी सांगितला जातो. तिथल्या शाळांना साहित्य मिळालं, पाठपुरावा फारसा झाला नाही. तीन वर्षांनी पाहिलं तर मुलग्यांमधला छळ कमी व्हायच्या ऐवजी थोडा वाढलाच होता. कपाटात पडलेली पुस्तिका पटांगणावर कोणाला अडवणार?

नॉर्वेने अखेर कायदाच कडक केला. २०१७ पासून शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकावर, मग तो शिपाई का असेना, मुलांवर लक्ष ठेवण्याची, छळ दिसला तर मध्ये पडण्याची आणि मुख्याध्यापकांना कळवण्याची जबाबदारी आहे. मुख्याध्यापकांकडे गाऱ्हाणं नेऊन आठवडा उलटला आणि प्रश्न तसाच राहिला, तर मूल किंवा त्याचे आईवडील थेट सरकारच्या प्रादेशिक अधिकाऱ्याकडे जाऊ शकतात.