रंगरेषा आणि वेदी

आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडे निघालेल्या भारतीय प्रवाशाला आज ओढ असते ती अभयारण्यांतील सिंह-हत्तींची, टेबल माउंटनच्या सपाट माथ्याची आणि केपच्या निळ्या किनाऱ्याची. परंतु ही वाट आपल्याला मोकळी होऊन फार काळ लोटलेला नाही. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवर होणाऱ्या अन्यायाच्या निषेधार्थ भारताने १९४६ साली त्या देशाशी असलेले व्यापारसंबंध तोडले, आणि पुढे कित्येक वर्षे 'दक्षिण आफ्रिका वगळून' असा शेरा आपल्या पारपत्रांवर असे. उभय देशांचे राजनैतिक संबंध जुळले ते १९९३ मध्ये. त्यामुळे जी भूमी आमच्या वडीलधाऱ्यांनी केवळ वर्तमानपत्रांतून जाणली, ती आम्ही हौशी प्रवासी म्हणून पाहू शकलो. पाहताना एक प्रश्न मात्र सतत सोबतीला होता. ज्या देशाचे गोरे राज्यकर्ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत होते, तेथे ख्रिस्तसभेने काय केले?

जोहान्सबर्ग येथे २००१ साली उघडलेल्या वर्णभेद संग्रहालयाच्या दारातच आम्हां सहप्रवाशांची फाटाफूट झाली. तेथील तिकिटावर 'गोरे' किंवा 'गोरेतर' असा उल्लेख असतो. तो कोणाच्या वाट्याला यावा हे केवळ योगायोगाने ठरते, आणि ज्याला जे तिकीट त्याने त्याच दाराने आत जायचे. आमच्यापैकी पती एका दाराने गेले, पत्नी दुसऱ्या. मधल्या जाळीतून एकमेकांकडे पाहून सारे हसले. काही पावलांवर वाटा पुन्हा एक होतात. इतिहासात मात्र त्या एक झाल्या नाहीत. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक नागरिकाचा वंश सरकारदप्तरी ठरवला. संशय आल्यास केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की खाली पडते, यावरून माणसाची जात ठरवण्यापर्यंत मजल गेली. एकाच आईची लेकरे निरनिराळ्या वर्गांत पडल्याची उदाहरणे आहेत.

हे सारे १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आल्यावर अचानक उगवले असे नव्हे. मूळ जमिनीत होते. १९१३ च्या भूमी कायद्याने देशातील सुमारे ७ टक्केच जमीन बहुसंख्य आफ्रिकनांसाठी राखली. १९३६ साली ही मर्यादा सुमारे १३ टक्क्यांवर नेण्यात आली. उरलेल्या भूमीवर ते आपल्याच देशात परके झाले. पुढे १९४९ मध्ये मिश्रविवाह बंदी, १९५० मध्ये वस्त्या वेगळ्या करणारा समूह क्षेत्र कायदा आणि १९५३ मध्ये बाकांपासून समुद्रकिनाऱ्यांपर्यंत सर्व काही वाटून देणारा कायदा, अशी साखळी पूर्ण झाली.

या साखळीत आपली माणसेही जखडली होती. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' हे जहाज मद्रासहून करारबद्ध मजूर घेऊन दरबानला लागले. उसाच्या मळ्यांत राबायला आलेल्या त्या लोकांत हिंदू होते, मुसलमान होते, तसेच काही कॅथॉलिकही होते. फादर साबों या फ्रेंच धर्मगुरूंनी त्यांची सेवा केली. पीटरमारित्झबर्गच्या फलाटावर ७ जून १८९३ च्या रात्री बॅरिस्टर गांधींना उतरवून दिल्याची कथा आपल्याला पाठ आहे. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेटने १८९१ साली भारतीयांना आपल्या हद्दीत वास्तव्य करण्यासच मनाई केली आणि ती बंदी १९८६ पर्यंत टिकली. आमच्या गाडीने तो सपाट, पिवळसर माळ काही तासांत पार केला, वाटेत चहा घेतला. त्या चहाची किंमत जुन्या भारतीय प्रवाशांनाच विचारावी.

केप टाऊनमध्ये हा इतिहास पायाखाली येतो. डोंगराच्या कुशीत डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची दाट वस्ती होती. तेथे मिश्रवर्णीय, आफ्रिकन, भारतीय, ज्यू असे नाना लोक दाटीवाटीने नांदत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी हा भाग केवळ गोऱ्यांसाठी घोषित झाला. त्यानंतरच्या वर्षांत ६०,००० हून अधिक लोकांना उचलून शहरापासून दूर, वाळूच्या उघड्या केप फ्लॅट्सवर टाकण्यात आले. घरांवर बुलडोझर फिरले. एका गोष्टीला मात्र हात लावला गेला नाही : देवाच्या घरांना. मशिदी राहिल्या, चर्चेस राहिली. आमच्या कॅथॉलिकांचे होली क्रॉस राहिले. धर्मग्राम उठवून ख्रिस्तमंदिर जपणाऱ्या त्या शासनाला श्रद्धाळू म्हणावे काय? भोवती ओसाड गवत आणि मधोमध वेदी, असे ते दृश्य. विस्थापित भाविकांपैकी कितीतरी जण रविवारी मैलोगणती प्रवास करून त्याच जुन्या मंदिरांत प्रार्थनेला येत राहिले. देवाचे घर म्हणजे दगडविटा नव्हेत, हे त्यांनी पायपीट करून सिद्ध केले.

येथील जुन्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये १९९४ साली डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालय उघडले. जमिनीवर त्या वस्तीचा प्रचंड नकाशा अंथरलेला आहे, आणि जुने रहिवासी आपले घर जेथे होते तेथे नाव लिहून जातात. २००४ साली नेल्सन मंडेलांच्या हस्ते पहिल्या परतणाऱ्यांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. परंतु त्यानंतर काम रेंगाळले आणि त्या माळरानाचा मोठा भाग आजही रिकामाच दिसतो. उठवायला काही वर्षे पुरली. परत बसवायला पिढ्या लागत आहेत.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने मिशन शाळांचे अनुदान तोडले, तेव्हा अनेक पंथांना आपल्या शाळा सरकारच्या स्वाधीन कराव्या लागल्या. कॅथॉलिक ख्रिस्तसभेने निधी गोळा करून आपल्या शाळा टिकवण्याचा यत्न केला. १९५७ साली बिशपांच्या परिषदेने वर्णभेद हा स्वभावतःच दुष्ट आहे असे स्पष्ट घोषित केले. पण त्याच पत्रात त्यांनी आरसाही समोर धरला : हीच विभागणी आपल्या शाळांत, सेमिनरींत, मठांत आणि इस्पितळांत नांदते आहे. हा कबुलीजबाब कृतीत यायला मात्र फार वेळ लागला. १९७० साली पाच कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी वृत्तपत्रातून जाहीर निवेदन काढून आपल्याच ख्रिस्तसभेला जाब विचारला. गोऱ्यांसाठी असलेल्या कॉन्व्हेंट शाळांची दारे सर्व वर्णांच्या मुलांना उघडू लागली ती १९७६ मध्ये.

या वाटचालीत दरबानचे आर्चबिशप डेनिस हर्ली यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे वडील दीपगृहाचे रखवालदार; बालपणीचा काही काळ त्यांनी रॉबेन बेटावर काढला, ज्या बेटावर पुढे मंडेलांना १८ वर्षे कोंडले गेले. वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी बिशप झालेले हर्ली हातात फलक घेऊन रस्त्यावर मूकपणे उभे राहत. नामिबियातील पोलिसी अत्याचारांबद्दल बोलल्यामुळे त्यांच्यावर खटला भरला गेला. १९८५ साली तो काढून घेणे सरकारला भाग पडले. त्यांच्या इमॅन्युएल कॅथीड्रलच्या शेजारी जुमा मशीद आहे, पलीकडे भारतीयांची बाजारपेठ. २०१५ पासून तेथेच त्यांच्या नावाचे केंद्र बेघरांना आणि निर्वासितांना जेवण व औषधपाणी देते.

सोवेटोतील रेजिना मुंडी या ख्रिस्तमंदिरात आम्ही बराच वेळ बसलो. १६ जून १९७६ रोजी आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन त्यात गेला. मुले धावत या मंदिरात शिरली, पाठोपाठ पोलीसही शिरले. छतावर गोळ्यांच्या खुणा आहेत. संगमरवरी वेदीचा कोपरा तुटला तो तसाच ठेवला आहे. पुढे सत्य आणि समेट आयोगासमोर पीडितांनी याच छताखाली आपली दुःखे सांगितली. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये वेदी राहिली आणि माणसे गेली. येथे माणसांना आसरा देताना वेदी तुटली. या दोहोंत ख्रिस्ताला जवळची वेदी कोणती, हे सांगायला धर्मपंडिताची गरज नाही.

समूह क्षेत्र कायदा १९९१ मध्ये रद्द झाला आणि २७ एप्रिल १९९४ रोजी सर्व वर्णांचे लोक एकाच रांगेत उभे राहून मतदान करते झाले. कायदे गेले, अंतर राहिले. विमानतळावरून केप टाऊनकडे येताना रस्त्यालगत पत्र्यांच्या झोपड्या दिसतात, नंतर डोंगराच्या उतारावर बागा आणि बंगले. रोज पहाटे कामाला येणारा आणि रात्री परतणारा मजूर आजही जुन्या कायद्याने आखलेलेच अंतर तुडवतो. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अहवालात १६४ देशांमध्ये सर्वाधिक विषमता दक्षिण आफ्रिकेत असल्याचे नमूद आहे. आमच्यासारखे प्रवासी बसच्या काचेतून वस्त्यांची छायाचित्रे घेतात, तेव्हा ती काचही एक रेषाच असते.

मग ही यात्रा कशासाठी? परक्या देशाच्या पापांची मोजदाद करणे सोपे आहे. गोव्यातील जुन्या कॉन्फ्रारियांत जातीच्या मर्यादा होत्या, आणि दक्षिण भारतात दलित ख्रिस्ती बांधवांसाठी वेगळ्या दफनभूमी राखल्याचा इतिहास फार जुना नाही. भारतातील कॅथॉलिक बिशपांनी २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतील जातिभेद मान्य केला. दक्षिण आफ्रिकेच्या बिशपांच्या १९५७ मधील कबुलीनंतर शाळांची दारे उघडू लागायला १९ वर्षे गेली. आपल्या कबुलीनंतरची वर्षे आपणही मोजत राहिले पाहिजे. एकाच भाकरीचे वाटेकरी होणाऱ्यांनी एका बाकावर बसावे, एका मातीत विसावावे आणि एकमेकांच्या घरी सोयरीक जोडावी, याहून वेगळी कसोटी प्रभूच्या मेजाला नाही.