पावसाळी बंदी आणि शेवंडीची अंडी

1 जून उजाडला, यांत्रिक नौका किनाऱ्याला लागल्या, की दरवर्षी एक वाक्य छापून येते: हा माशांच्या विणीचा काळ, तो पाळला की समुद्र आपली तूट भरून काढतो. या मताला मी हलके लेखत नाही. 31 जुलैपर्यंत 61 दिवस कमाई थांबते आणि ती झळ कोळीवाडे सोसतात. खवळलेल्या दर्यापासून माणसे वाचतात, कोळंबीच्या पिलांना वाढायला अवधी मिळतो. हे सगळे मान्य. पण या बंदीच्या भरवशावर जे शेवंडीची काळजी सोडून देतात, त्यांनी शेवंड फक्त ताटात पाहिली असावी.

कोळंबी अंडी पाण्यात सोडून मोकळी होते. शेवंडीची मादी मात्र फलित अंडी पोटाखाली चिकटवून, ती फुटेपर्यंत, आठवडेच्या आठवडे वागवते. उष्ण समुद्रातल्या शेवंडींची वीण दोन महिन्यांत आटोपत नाही. नोव्हेंबरात जाळ्यात आलेल्या अंडीवाल्या मादीला जूनच्या बंदीचा काय उपयोग?

‘पण ती लाखांनी अंडी देते ना!’ देते. त्यांतून निघणारे पानासारखे चपटे, पारदर्शक डिंभक महिनोन्‌महिने प्रवाहावर तरंगतात आणि बहुतेक सगळे नष्ट होतात. पुढची पडझड एवढी मोठी, म्हणूनच अंडी लाखांनी. तो आकडा निर्धास्त राहण्याचा पुरावा कसा ठरतो? मुंबईजवळच्या चपट्या शेवंडीनेही अंडी घालण्यात कसूर केली नव्हती. ट्रॉलच्या जाळ्यांत ती वर्षानुवर्षे सापडत होती. 1994पर्यंत तिची मासेमारी कोसळली. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवण्याचा आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्यावर जाण्याचा रिवाज तर कायद्याहून कितीतरी जुना. त्याने तिला वाचवले नाही.

आणखी एक बचाव ऐकू येतो: जाळ्यात आले ते मेलेच, सोडून लाभ काय? बोंबलाबद्दल म्हणा, ऐकून घेईन. शेवंड चिवट असते. जिवंत शेवंडीला भाव जास्त, म्हणून तिला जपून बाजारात नेतात. बाजारापर्यंत जी तगते, ती समुद्रात परत सोडल्यावरच नेमकी मरते काय?

नियम आहे. 2003पासून आपल्या किनाऱ्यावरची काटेरी शेवंड 300 ग्रॅमच्या आत असेल तर निर्यात होत नाही. चपटीसाठी ही मर्यादा 150 ग्रॅम. पण पहारा निर्यातीच्या दारावर. तिथून माघारी फिरलेली हलकी शेवंड समुद्रात जात नाही, हॉटेलात जाते.

आता पश्चिम ऑस्ट्रेलिया पाहा. तिथे 1968पासून किनाऱ्याशी येणारी शेवंडीची पिले मोजतात. ती तीन-चार वर्षांनी सापळ्यात येणार, म्हणून पुढचे पीक आधीच कळते. 2008च्या सुमारास पिले फारच कमी आली, तेव्हा उत्पन्न घटण्याची वाट न पाहता मासेमारीला कात्री लावली. पुढे एकूण पकडीवर मर्यादा घातली आणि 2013मध्ये बंद हंगामच उठवला. अंडीवाली मादी सोडायची, हा नियम मात्र राहिला. (आपलीही बंदी उठवा, असा अर्थ कोणी काढू नये.) तारीख आणि मादी, यांत शेवंडीला कोण राखते, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. सोडून दिलेल्या शेवंडीची किंमत एकट्या तांडेलाने का भरावी? याचे उत्तर मत्स्य खात्याने द्यायचे आहे, आणि ते जून-जुलैत सापडणार नाही.