‘काही करू नकोस’ ही आज्ञा न समजलेला संगणक

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन या लिनक्स वितरणाची तेरावी आवृत्ती, ‘ट्रिक्सी’, प्रसिद्ध झाली. तिच्यासोबतच्या सूचनांत काही ओळी अशा होत्या, की त्यांची बातमी फारशी कोठे झाली नाही. ३२-बिट ‘आय-३८६’ संगणकांसाठी यापुढे कर्नलही मिळणार नाही आणि इन्स्टॉलरही मिळणार नाही. त्या नावाची पॅकेजे राहतील, पण ती ६४-बिट यंत्रावर जुने प्रोग्राम चालवण्यापुरतीच. पाठोपाठ १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची नियमित सेवा संपली, तेव्हा वर्तमानपत्रांतून ‘जुन्या संगणकांचे काय करायचे’ ही चर्चा सुरू झाली. ‘लिनक्स टाका’ हे उत्तर बहुतेकांनी दिले. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. जुने यंत्र लिनक्समुळे आपोआप जगत नाही. कोणीतरी त्याला जगवत असते. तो ‘कोणीतरी’ केव्हा थांबतो, आणि का थांबतो, याचा इतिहास रायगड जिल्ह्यातील एका वाडीपासून सांगता येतो.

खैरात-धनगरवाडा ही रायगड जिल्ह्यातील एक छोटी वस्ती. तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ मध्ये हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लहान लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाची भारतातील ती पहिली प्रायोगिक शाळा. निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली होती. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारली, आणि यंत्र प्रत्यक्षात तयार झाले तेव्हा त्याची किंमत शंभर डॉलरच्या जवळपास दुप्पट झाली होती. तरीही खैरातच्या मुलांच्या हाती ते पोहोचले. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे संशोधकही या शाळेशी जोडले गेले.

‘एक्सओ-१’ नावाच्या या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड एलएक्स-७०० प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि १ गिगाबाइट फ्लॅश साठवण होती. फिरणारा एकही भाग नव्हता, पंखाही नव्हता. पडदा भर उन्हात वाचता येई, आणि शेजारच्या यंत्रांशी ते बिनतारी जाळ्याने बोलू शके. त्यावर फेडोरा या लिनक्स वितरणाचा आटोपशीर केलेला अवतार आणि मुलांसाठी घडवलेला ‘शुगर’ हा कार्यपट होता. फेडोरा पुढे सरके तसा एक्सओचा पायाही सरकत गेला: २००८ च्या आवृत्तीला फेडोरा ९ चा आधार होता, २०१३ च्या आवृत्तीला फेडोरा १८ चा. मूळ फेडोरा १८ ची देखभाल जानेवारी २०१४ मध्येच संपली.

या यंत्राची खरी अडचण त्याच्या वंशावळीत होती. जिओडचे मूळ सायरिक्स या कंपनीच्या रचनेत. सायरिक्स १९९७ मध्ये नॅशनल सेमिकंडक्टरने घेतली, आणि जिओडचा व्यवसाय २००३ मध्ये एएमडीकडे गेला. म्हणजे हा प्रोसेसर इंटेलच्या घराण्यातला नव्हता. इंटेलची भाषा बाहेरून शिकलेला होता. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून ज्यांना ‘६८६’ म्हटले जाते, त्या पिढीच्या बहुतेक आज्ञा त्याला येत. एक मात्र येत नव्हती, आणि ती आज्ञा होती ‘काही करू नकोस’.

हे विनोदी वाटेल, पण तसे नाही. प्रोग्राममधील काही भाग स्मृतीत सोळाच्या पटीतील पत्त्यावर सुरू झाले तर ते वेगाने चालतात. त्यासाठी कंपायलर मधली मोकळी जागा निरर्थक आज्ञांनी भरून काढतो. एका बाइटची अशी आज्ञा पहिल्यापासून सर्वांना ठाऊक आहे. पण नऊ बाइट भरायला ती नऊ वेळा लिहावी लागते, आणि प्रोसेसरला नऊ आज्ञा वाचाव्या लागतात. पेंटियम प्रोच्या पिढीने अनेक बाइट एकदम व्यापणारी ‘लांब’ निरर्थक आज्ञा आणली. तिचे तांत्रिक नाव ‘एनओपीएल’. इंटेलच्या अधिकृत पुस्तिकांत तिची नोंद बरीच उशिरा झाली. जिओडला ती येत नाही. समोर आली की तो ‘अवैध आज्ञा’ अशी तक्रार करतो आणि कर्नल तो प्रोग्राम तेथेच बंद करतो. आज्ञा पाळायला काहीही करायचे नव्हते. तरी यंत्र थांबते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. लिनक्सचा उगमसंकेत जिओडवर चालत होता. आजही तो जिओडसाठी कंपाइल करता येतो. बिघडतो तो तयार पॅकेजमधला यंत्रसंकेत, आणि तोही कंपायलरला ‘किमान कोणता प्रोसेसर धरायचा’ हे सांगणाऱ्या एका पर्यायामुळे. यंत्र निकामी कधी होते, याचा निर्णय पुष्कळदा त्या एका ओळीत दडलेला असतो. फेडोराने २००९ मध्ये बाराव्या आवृत्तीसाठी किमान मर्यादा ६८६ वर नेली, तेव्हा जिओड एलएक्सला धरून राहण्याची काळजी घेतली होती, कारण एक्सओ हे जगभरच्या मुलांच्या हातातले जिवंत यंत्र होते. जुन्या हार्डवेअरचा आधार म्हणतात तो हा: कोणाच्या तरी हाती ते यंत्र आहे याची जाणीव ठेवून घेतलेला निर्णय.

मी हे टी. नरसीपूरमध्ये बसून लिहितो आहे. येथे कपिला कावेरीला मिळते. पॅकेजांच्या जगातही ‘अपस्ट्रीम’ हा नदीचाच शब्द रूढ आहे: मूळ प्रोग्राम लिहिणारे वरच्या अंगाला, वितरण खालच्या अंगाला, आणि वापरणारे त्याहून खाली. मेन्टेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा माणूस, संगमावर उभा असतो. वरून हजारो प्रवाह येतात, प्रत्येकाचा वेग निराळा. त्याने उगमसंकेत घ्यायचा, परवाना तपासायचा, इतर पॅकेजांशी जुळवायचा, प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरवर तो कंपाइल होतो का ते पाहायचे, दोषांच्या नोंदी वाचायच्या, आणि स्थिर आवृत्ती बाहेर पडल्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या उचलून जुन्या आवृत्तीत बसवायच्या. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ६४,४०० हून अधिक पॅकेजे होती. त्यांतील बरीचशी स्वयंसेवकांनी संध्याकाळी, सुटीच्या दिवशी सांभाळलेली असतात.

जुना प्रोसेसर या कामात किती ओझे आणतो, याचे उदाहरण भौतिकीच्या विद्यार्थ्याला लगेच पटेल. जुन्या ३२-बिट इंटेल यंत्रांवर दशांश संख्यांची आकडेमोड ‘एक्स-८७’ या एककात होते. त्याच्या आतील कप्पे ८० बिटांचे. स्मृतीत मात्र संख्या ६४ बिटांत साठते. कप्प्यात असताना संख्येला ६४ बिटांची अचूकता असते, स्मृतीत गेल्यावर ५३ बिटांची. म्हणून तीच संख्या एकदा साठवून परत आणली, तर ती स्वतःशीही जुळत नाही असे घडू शकते. वैज्ञानिक पॅकेजांच्या चाचण्या शेवटच्या अंकांवर अडतात, आणि चूक भौतिकीत आहे, प्रोग्राममध्ये आहे की प्रोसेसरमध्ये, हे शोधण्यात कोणाची तरी संध्याकाळ जाते. शिवाय ३२ बिटांत एका प्रोग्रामला जेमतेम ३ ते ४ गिगाबाइट स्मृतीचे पत्ते मिळतात. आजचा ब्राउझर कंपाइल करायलाच कधी कधी तेवढी स्मृती पुरत नाही. एका प्रोसेसरवर पॅकेज अडले, तर बाकीच्यांसाठीही त्याची नवी आवृत्ती अडून राहू शकते.

म्हणून आधार काढून घेणाऱ्यांना निष्ठुर म्हणणे अन्यायाचे होईल. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतले ते इंटेल ३८६ वर. त्याच ३८६ चा आधार डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलमधून काढण्यात आला आणि फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून तो गेला. कारण स्पष्ट होते. कर्नल स्वतः लिहीत असताना स्मृतीचे लेखन-संरक्षण ३८६ पाळत नसे. अनेक प्रोसेसरांत समन्वय राखणाऱ्या काही आज्ञाही त्याच्याकडे नव्हत्या. त्या उणिवा भरून काढणारा संकेत प्रत्येक नव्या बदलाच्या वाटेत येत होता, आणि ३८६ वर नवे कर्नल चालवणारा जवळपास कोणी उरला नव्हता. जन्मस्थानाबद्दल हळवे न होता निर्णय घेतला गेला. फेडोराने २०१९ मध्ये एकतिसाव्या आवृत्तीपासून ३२-बिट इंटेल कर्नल देणे थांबवले, आणि उबुंटूनेही त्याच सुमारास तो मार्ग धरला. डेबियन सर्वांत अधिक काळ थांबले.

जिओडची पाळी डेबियनमध्ये १० जून २०२३ रोजी आली. नव्या कंपायलरांत सुरक्षेसाठी एक संरक्षण आले होते: अप्रत्यक्ष उडी जेथे पडते तेथे एक खूण-आज्ञा पेरायची. जुन्या प्रोसेसरांनी तिच्याकडे दुर्लक्ष करावे म्हणून ती मुद्दाम निरर्थक आज्ञांच्या राखीव जागेतून निवडली गेली. ‘जुने’ म्हणताना रचनाकारांच्या डोळ्यांपुढे पेंटियम प्रो व त्यानंतरची पिढी होती. जिओड त्या व्याख्येत बसत नव्हता. डेबियन १२ च्या सूचनांत अखेर स्पष्ट लिहिले गेले, की यापुढे एनओपीएल आज्ञा आवश्यक आहे आणि जिओडसारखे प्रोसेसर चालणार नाहीत. डेबियन ११ ची दीर्घकालीन सेवा ऑगस्ट २०२६ अखेरपर्यंतची. म्हणजे २००७ च्या यंत्राला एका प्रमुख वितरणाने सुमारे एकोणीस वर्षे दार उघडे ठेवले. फोनला चार-पाच वर्षांत वाऱ्यावर सोडण्याच्या काळात हे थोडे नाही.

विज्ञानाला या प्रश्नाची झळ निराळ्या अंगाने लागते. फर्मिलॅब आणि सर्न यांनी २००४ च्या सुमारास ‘सायंटिफिक लिनक्स’ पुढे आणले, ते प्रयोगशाळांना वर्षानुवर्षे न बदलणारी जमीन हवी होती म्हणून. एखाद्या प्रयोगाचे विश्लेषण दहा वर्षांनी पुन्हा करायचे, तर तेव्हाचा कंपायलर, तेव्हाची ग्रंथालये आणि कधी तेव्हाचा प्रोसेसरही लागतो. २०१९ मध्ये त्याची आठवी आवृत्ती निघणार नाही असे जाहीर झाले, आणि सातव्या आवृत्तीची सेवा ३० जून २०२४ रोजी संपली. ज्यांनी हे वितरण सांभाळले, त्यांची नावे शोधनिबंधांच्या लेखकांत क्वचितच दिसतात. जुन्या पीसीवर चालणारे मापनकार्ड आणि त्याचे आठ-दहा वर्षांपूर्वीचे ड्रायव्हर जपून ठेवणारा तंत्रज्ञ ज्या प्रयोगशाळेत आहे, तिला या कामाचे मोल सांगावे लागत नाही.

आपण यात काय करू शकतो, हे मराठीच्याच एका उदाहरणातून कळते. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेले ‘लोहित’ हे टंक बहुतेक वितरणांत पॅकेज म्हणून येतात, आणि त्यांवर पुण्यातील अभियंत्यांनी दीर्घकाळ काम केले आहे. ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा ‘र’, तसेच मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे असतात. एखाद्या सुधारणेत ते बिघडले, तर ते प्रथम मराठी वाचणाऱ्याच्याच नजरेला खुपणार. दूरच्या मेन्टेनरला ते दिसण्याची शक्यता नाही. जिओडचेही तसेच. ज्याच्या टेबलावर ते यंत्र आहे, त्यानेच ‘येथे थांबले’ अशी नोंद करायची असते. आधार टिकतो तो मुख्यतः अशा नोंदींवर. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद प्रथमच भारतात, कोचीला भरली. वापरणारे आपल्याकडे विपुल आहेत. सांभाळणारे त्या मानाने थोडे. पदवीच्या विद्यार्थ्याला हे काम शिकायला प्रयोगशाळा किंवा अनुदान लागत नाही. एक अनाथ पॅकेज निवडावे, त्याचे जुने दोष वाचावेत, एक दुरुस्ती पाठवावी, आणि ती का नाकारली हेही शांतपणे वाचावे.

आणखी एक मुक्काम ठरलेला आहे. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारा ३२-बिट आकडा भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. डेबियनने तेराव्या आवृत्तीत उरलेल्या ३२-बिट प्रोसेसरांची कालगणना ६४ बिटांवर नेली. आय-३८६ मात्र मुद्दाम वगळले, कारण जुने तयार प्रोग्राम चालवणे एवढेच त्याचे काम आता उरले आहे.

खैरातच्या मुलांना त्यांच्या यंत्राचा प्रोसेसर कोणता, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या वतीने ते कोणीतरी ठाऊक ठेवले आणि कंपायलरच्या एका ओळीवर अनेक वर्षे लक्ष ठेवले. आज गावोगावच्या शाळांत ६४-बिट, पण दहा-बारा वर्षांचे संगणक आहेत. त्यांवर ट्रिक्सी उत्तम चालते. त्यांचीही पाळी केव्हातरी येईलच. ती पाच वर्षांनी येईल की पंधरा, हे तोवर आपल्यातून किती जण संगमावर उभे राहतात यावर ठरेल.