जातिसंस्थेचे कोडे

मनुष्य ज्या समाजात जन्म घेतो, त्या समाजाच्या रूढी त्याला ऊनपावसासारख्या निसर्गसिद्ध वाटतात. त्या कशा निर्माण झाल्या आणि कशाच्या बळावर टिकल्या, हा प्रश्न सहसा त्याच्या मनात येत नाही. तो आला, की समाजशास्त्राचा आरंभ होतो. भारतात हा प्रश्न सर्वांत निकडीचा ठरला तो जातिसंस्थेविषयी. आणि त्याचे एक मूलगामी उत्तर ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दिले गेले. प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्या दिवशी भीमराव रामजी आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

तोपर्यंत या विषयावर पुष्कळ लेखन झाले होते. फ्रेंच पंडित सेनार यांनी विटाळाच्या कल्पनेकडे लक्ष वेधले होते. नेस्फील्ड यांनी रोटीबंदीचा निर्देश केला होता. रिस्ले यांनी तर नाकाची व कवटीची मापे घेऊन जातीचे मूळ वंशभेदात शोधले होते. पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात जातीची दोन लक्षणे सांगितली : जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी. आंबेडकरांनी केतकरांची थोरवी मान्य केली. परंतु ही दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, असे दाखवून दिले. बेटीबंदी असेल, तर सभासदत्व आपोआपच जन्मावर येऊन ठेपते. म्हणून बेटीबंदी हाच जातीचा गाभा होय.

मग ही बंदी टिकली कशी? सगोत्र विवाह निषिद्ध मानणाऱ्या समाजावर जातीतच विवाह करण्याचे बंधन लादले गेले, की एक अडचण उभी राहते. बंदिस्त गटात विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे, आणि मृत्यू तर समतोल पाहून येत नाही. पती आधी वारला, की विधवा मागे उरते. तिने गटाबाहेर विवाह केला, तर कुंपण मोडते. गटात केला, तर एखाद्या कुमारिकेचा वर हिरावला जातो. तेव्हा तिला पतीच्या चितेवर चढविणे किंवा आजन्म वैधव्यात ठेवणे, असे दोन मार्ग निघाले. विधुराच्या बाबतीत असे काही करणे पुरुषांच्या वर्चस्वामुळे शक्य नव्हते. त्याच्यासाठी अद्याप विवाहयोग्य न झालेल्या मुलींतून वधू पाहिली गेली. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींची उपपत्ती आंबेडकरांनी अशी लावली. त्यांचा गौरव करणारे तत्त्वज्ञान मागाहून आले. जातीचे कुंपण राखण्याची किंमत प्रामुख्याने स्त्रीने मोजली, हा या विवेचनाचा सर्वांत विदारक भाग आहे.

मनूने जाती निर्माण केल्या, हा समजही त्यांनी नाकारला. कोणताही एक स्मृतिकार अफाट समाजावर असे बंधन लादू शकत नाही. अस्तित्वात असलेल्या रूढीला तो फार तर नियमांचे रूप देतो. प्रथम पुरोहितवर्गाने आपले दार लावून घेतले. ज्याला प्रतिष्ठा आहे त्याचे अनुकरण होते, हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांचा सिद्धांत आंबेडकरांनी येथे लागू केला. इतरांपैकी काहींनी अनुकरणाने आपली दारे लावली. काहींना ती आपल्यावर लावलेली आढळली. पुरोहितवर्गाच्या जवळच्या जातींत तिन्ही रूढी दिसतात, आणि अंतर वाढत जाते तसतशा त्या एकेक गळून पडतात, हे त्यांनी पुराव्यादाखल मांडले.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. तेथे १९२४ पासून कार्य करणाऱ्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्ले यांच्या वंशसिद्धांताची कसून तपासणी केली आणि बहुतेक प्रांतांपुरता तो टिकत नाही, असे दाखविले. त्यांचे शिष्य एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्ग प्रदेशाचा अभ्यास करताना खालच्या मानलेल्या जाती वरच्यांचे आचार कसे उचलतात, याला १९५२ साली ‘संस्कृतीकरण’ हे नाव दिले. अनुकरणाचे सूत्र अशा रीतीने पुन्हा निराळ्या वाटेने पुढे आले.

१९४९ च्या कायद्याने हिंदूंमधील आंतरजातीय विवाहांना वैधता दिली आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्माची अडचणही दूर केली. तरीही २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात जातीबाहेरील विवाह शेकडा सुमारे ५ एवढेच आढळले. याचा अर्थ कायदा निष्फळ ठरला असा नव्हे. कायदा दाराची कडी काढू शकतो. दार लावून घेण्यातच कुळाची प्रतिष्ठा आहे ही समजूत काढणे त्याच्या हाती नाही. जी संस्था अनुकरणाने पसरली ती अनुकरणानेच ओसरू शकेल. मात्र त्यासाठी अनुकरणीय असे नवे वर्तन घराघरांतून, मुलामुलींच्या विवाहाचा प्रश्न येईल त्या वेळी, दिसले पाहिजे.