ओले अंजीर आणि भट्टी

ओले अंजीर फार अल्पायुषी फळ आहे. झाडावर पूर्ण पिकल्याशिवाय त्याला खरी गोडी येत नाही, तोडल्यावर ती वाढत नाही, आणि पिकलेले फळ साध्या हवेत दोन-तीन दिवसांत आंबू लागते. म्हणून सुके अंजीर गलबतांतून दूरदूरच्या बंदरांत गेले, राजवाड्यांच्या मुदपाकखान्यांत आणि पाककृतींच्या पोथ्यांत शिरले. ओले अंजीर झाडाच्या आसपास राहणाऱ्यांनीच खाल्ले. ओल्या अंजिराच्या भाजलेल्या गोड पदार्थांच्या जुन्या नोंदी विरळ आहेत त्या यामुळेच. परसात झाड असलेल्या बाईला कृती लिहून ठेवण्याची गरज नव्हती.

फळाशी माणसाची ओळख मात्र फार जुनी. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल येथे सुमारे 11,400 वर्षांपूर्वीच्या वस्तीत नऊ जळकी अंजिरे सापडली. परागीभवनाशिवाय धरलेली ही फळे फांद्या लावून वाढवलेल्या झाडांची असावीत, असे संशोधकांनी 2006 मध्ये मांडले. अशी फळे निसर्गतःही धरतात, असा आक्षेप इतरांनी घेतला.

फळाच्या नाजूकपणाचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग स्वयंपाकात नव्हे, राजकारणात झाला. इ.स.पू. 149 मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या प्युनिक युद्धाच्या आधी थोरल्या केटोने रोमच्या सिनेटमध्ये एक ताजे अंजीर दाखवले आणि ते तीन दिवसांपूर्वी कार्थेजमध्ये तोडलेले असल्याचे सांगितले, अशी हकिकत रोमन लेखक प्लिनीने दिली आहे. फळ ताजे आहे, म्हणजे शत्रू तितकाच जवळ आहे, हा त्याचा युक्तिवाद. अंजीर महिनाभर टिकणारे फळ असते तर त्याला काहीच अर्थ उरला नसता.

याच केटोच्या शेतीवरील ग्रंथात ‘लिबुम’ या नैवेद्याच्या भाकरीची कृती आहे. ताजे चीज, पीठ आणि अंडे मळून गोळा करायचा, खाली पाने घालायची आणि तापलेल्या चुलाणावर मातीचे झाकण घालून भाजायचे. त्यात अंजीर नाही, पण घरगुती भाजण्याची रीत त्यातून कळते. कोकणात धोंडस वर-खाली निखारे ठेवून भाजतात, त्याच जातीची ही युक्ती. फळे पिठाबरोबर भाजायला वेगळी भट्टी बांधावी लागत नव्हती. लिखित कृतींत मात्र सुक्या अंजिराचेच राज्य होते. आपिसियसच्या नावावरील रोमन पाककृतींच्या संग्रहात डुकराची मांडी सुक्या अंजिरांसह शिजवून, वर मध चोळून, पिठाच्या आवरणात भाजली आहे.

उत्तर युरोपातही तेच झाले. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी 1390च्या सुमारास संकलित केलेल्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’त बदाम, मद्य, अंजीर, मनुका, आले आणि मध यांचा एक शिजवलेला गोड पदार्थ आहे. पुढे नाताळशी जोडले गेलेले अंजिराचे पुडिंगही उकडलेलेच.

अमेरिकेत चित्र पालटले. फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी 1769 मध्ये सॅन दिएगो येथे मिशन स्थापले. कॅलिफोर्नियातील काळ्या अंजिराला ‘मिशन’ हे नाव या मिशनांवरूनच पडले. दक्षिणेकडील उष्ण, दमट राज्यांत अंजिराची झाडे घराघराच्या परसात वाढली. तिथे फळ एकदम भाराभर येते आणि हवा सुकवू देत नाही, तेव्हा मुरंबा करायचा किंवा भाजायचे, एवढेच मार्ग. एकोणिसाव्या शतकात रूढ झालेला ‘कॉबलर’ याला सोयीचा पडला: भांड्यात साखर घातलेली फळे, वर मऊ पिठाचे गोळे. ओव्हन नसेल तर जाड बिडाच्या भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवले की काम भागे. त्याच देशात 1891 पासून अंजिराचे सारण भरलेली ‘फिग न्यूटन’ बिस्किटे कारखान्यात तयार होऊ लागली, पण तिथे पुन्हा सुक्या फळाचाच लगदा.

आजचे सर्वांत सोपे रूप म्हणजे ‘क्रम्बल’. ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या शिधावाटपाच्या काळात लोकप्रिय झाले, कारण पीठ, लोणी आणि साखर बोटांनी चोळून वर भुरभुरायला पारीपेक्षा कमी लोणी पुरते. तेव्हा खाली सफरचंद किंवा रुबार्ब असे. थंड देशात ओले अंजीर सहज मिळू लागले ते शीतगृहे आणि विमान वाहतूक आल्यावर.

महाराष्ट्रात फळ आधी आले, ओव्हन फार उशिरा. पुरंदर तालुक्यातील अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथले ‘पुणे अंजीर’ परागीभवनाशिवाय धरते आणि मुख्यतः ओलेच विकले जाते. चुलीवर आणि शेगडीवर चालणाऱ्या स्वयंपाकघरात ते तसेच खाल्ले गेले. अंजीर बर्फीसाठी हलवायांनी सुके अंजीर वापरले. भाजण्याचा प्रयोग घरगुती ओव्हन आल्यानंतरचा.

कृती अगदी थोडी. ओल्या अंजिरात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते; उष्णतेने ते आटते आणि साखर दाटते. अंजिरे अर्धी करून कापलेली बाजू वर ठेवावी, थोडा मध आणि लिंबाचा रस घालावा, वर पीठ, लोणी, साखरेचा चुरा पसरून 180 अंश सेल्सिअसला चुरा तांबूस होईपर्यंत, साधारण पंचवीस मिनिटे, भाजावे. फळे कच्ची नकोत: त्यांच्या चिकात दूध नासवणारे विकर असते, आणि प्राचीन ग्रीक त्याच चिकाने दुधाचे चीज लावत. पुरंदरच्या ‘खट्टा बहर’ या हंगामाची फळे कमी गोड, त्यांना साखर लागते. उन्हाळी मीठा बहराच्या फळांना मधही कमीच घालावा.